०.००१ ला ठिपके दिसतात आणि करेक्शन लावलं की मेंदू कोरा: थ्रेशोल्डला हात लावायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम असा असतो. वीसेक जणांचे एफएमआरआय स्कॅन (मेंदू काम करताना घेतलेली एमआरआय चित्रं) झालेले, प्रीप्रोसेसिंग झालं, एकेकाचं मॉडेल झालं, ग्रुपचा टी-टेस्ट झाला, आणि पी ०.००१ अनकरेक्टेड (योगायोगाची शक्यता हजारात एकाहून कमी, पण किती ठिकाणी टेस्ट केला याचा हिशोब न धरता) लावलं की मेंदूवर मस्त लाल-पिवळे ठिपके येतात, गाईडला लगेच दाखवावेत असे. मग एफडब्ल्यूई ०.०५ चं करेक्शन (अख्ख्या मेंदूत एकही खोटा ठिपका यायची शक्यता पाच टक्क्यांत ठेवणारं) लावलं की सगळं गायब, नुसता करडा मेंदू. मग माणूस काय करतो तर ०.००५ करून बघतो, क्लस्टर साईझ (निदान किती व्हॉक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या बारीक ठोकळ्यांचा, गठ्ठा धरायचा) १० ठेवतो, मग २० ठेवतो, स्मूदिंग (सिग्नल शेजारच्या व्हॉक्सेलमध्ये पसरवून गुळगुळीत करणं) ६ मिलिमीटरचं ८ करतो, आणि कुठल्यातरी एका कॉम्बिनेशनला काहीतरी टिकतं आणि तेच पेपरात जातं. आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी लॅपटॉप उघडा घेऊन हेच विचारायला येतं, आणि मीपण पहिल्या वर्षी अगदी हेच केलेलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, पुढच्या वेळी लिंक देईन.

माझं म्हणणं एवढंच आहे की थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या आकड्याच्या पुढचे ठिपके दाखवायचे ती रेषा, ही चाळणी आहे आणि ती सगळ्यात शेवटी येते. दळणच भलत्या धान्याचं आलं असेल तर चाळणी बदलून काय होणार. तरी सगळे आधी चाळणीच बदलतात कारण ती हाताशी असते, एका खिडकीत एक आकडा बदलला की झालं, आणि मागचं सगळं परत चालवायचं म्हणजे रात्रभर मशीन लावून ठेवायचं.

तर आधी ग्रुप विसरा. एकच माणूस घ्या, शक्यतो कमी हललेला, आणि एक असा कॉन्ट्रास्ट (दोन स्थितींमधल्या सिग्नलचा फरक) काढा ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहितीये. तुमचा टास्क कितीही भारी असू दे, निर्णय घेणं, भावना, भाषा, काहीही, त्यात कुठेतरी स्क्रीनवर काहीतरी येतं आणि कुठेतरी बटण दाबलं जातं. स्क्रीनवर चित्र असताना विरुद्ध नुसता प्लस असताना, हे केलं की डोक्याच्या मागच्या बाजूला व्हिज्युअल कॉर्टेक्स पेटलाच पाहिजे. उजव्या हाताने बटण दाबलं तर डावीकडचा मोटर कॉर्टेक्स. दहा मिनिटांच्या डेटात एकट्या माणसात हे दिसत नसेल तर तुमचा प्रॉब्लेम स्टॅटिस्टिक्सचा नाहीचे, तो मागे कुठेतरी आहे आणि जगातलं कुठलंही करेक्शन तो सोडवणार नाही. आणि हे झकास दिसतंय पण तुमचा खरा कॉन्ट्रास्ट दिसत नाहीये, तर मग थेट खाली थ्रेशोल्डच्या भागावर उडी मारा, मधलं वाचायची गरज नाही.

नाही दिसलं? मग पहिली शंका ऑनसेटवर, म्हणजे टास्कमधल्या घटना सुरू व्हायच्या वेळांवर घ्या. माझ्याकडे आलेल्यातल्या निम्म्या केसेस इथेच सुटल्यात.

का ते सांगते. आपण मेंदूतल्या पेशींचं काम बघतच नसतो, रक्त बघत असतो. पेशी कामाला लागल्या की तिकडे गरजेपेक्षा जास्तच ऑक्सिजनवालं रक्त धावतं आणि स्कॅनरमधला सिग्नल किंचित वर जातो (बेल लॅब्समध्ये सेइजी ओगावांनी १९९० मध्ये दाखवलेला बोल्ड इफेक्ट तो हाच). किंचित म्हणजे एक-दोन टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी, आणि तोसुद्धा लगेच नाही, पाच-सहा सेकंदांनी टोकाला पोचतो, मग उतरतो, थोडा खाली जातो आणि परत जागेवर येतो. मॉडेलमध्ये आपण काय करतो तर टास्कची वेळ घेऊन त्यावर हा आकार बसवतो आणि प्रत्येक व्हॉक्सेलला विचारतो की बाबा तुझा सिग्नल असा हलतोय का. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. वेळ चुकली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

आणि किती चुकली की किती बिघडतं याचा लोकांना अंदाज नसतो. समजा २० सेकंद बोटं आपटायची, २० सेकंद आराम, असा साधा टास्क आहे, टीआर (अख्ख्या मेंदूचं एक चित्र घ्यायला लागणारा वेळ) २ सेकंद. सुरुवातीचे ५ व्हॉल्यूम (अशी ५ चित्रं) तुम्ही काढून टाकलेत, कारण मॅग्नेटायझेशन स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो आणि पहिली चित्रं जास्त उजळ येतात, ते बरोबरच केलंत. पण ऑनसेटमधून १० सेकंद वजा करायचे राहिले. आता पूर्ण चक्र ४० सेकंदांचं, त्यात १० सेकंद म्हणजे बरोब्बर पाव चक्र, आणि पाव चक्र सरकलं की मॉडेल आणि सिग्नल यांचा संबंध जवळजवळ शून्य होतो, कमी होत नाही हां, शून्य होतो! २० सेकंद सरकले असते तर सगळं उलटं आलं असतं, जिथे वाढ असायला पाहिजे तिथे घट. अशा उलट्या नकाशावर एकाने दीड पान डिस्कशन लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, मोटर कॉर्टेक्स टास्कमध्ये दाबला का जातो यावर. लोक म्हणतात टेम्पोरल डेरिव्हेटिव्ह घातलंय की मॉडेलमध्ये, ते सांभाळून घेईल. नाही घेणार. ते फार तर सेकंदभराचा फरक सांभाळतं.

काही स्कॅनर हे डमी व्हॉल्यूम स्वतःच टाकून देतात, फाईलमध्ये येतच नाहीत, आणि ट्रिगर (स्कॅन सुरू झाल्याचा टास्कच्या कॉम्प्युटरला मिळणारा इशारा) त्यांच्या आधी मिळतो का नंतर हे मशीन आणि सिक्वेन्सवर अवलंबून असतं. हे मॅन्युअलमध्ये शोधत बसू नका, टेक्निशियनला विचारा, त्यांना माहिती असतं.

याच जातीच्या अजून दोन चुका. एक म्हणजे एसपीएम या ऍनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाईनचं युनिट विचारतात, स्कॅन की सेकंद. ऑनसेट सेकंदात लिहिलेत आणि युनिट स्कॅन ठेवलंत तर ३० व्या सेकंदाची घटना मॉडेलमध्ये ६० व्या सेकंदाला जाऊन बसते आणि पुढच्या घटना तर अजून लांब पळतात, सॉफ्टवेअर मुकाट चालतं, एरर येत नाही. दुसरी म्हणजे हेडरमधला टीआर. एकेक व्हॉल्यूमच्या फाईली जोडून एक ४डी फाईल केली की त्यात टीआर बऱ्याचदा १ लिहिलेला असतो, किंवा कोणीतरी मिलिसेकंदात २००० लिहून ठेवलेला असतो. हेडर उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो, बघा.

या सगळ्यावर एकच उपाय आहे आणि तो कोणी करत नाही, तो म्हणजे डोळे वापरणे. मोटर कॉर्टेक्समधला किंवा व्हिज्युअल कॉर्टेक्समधला एक व्हॉक्सेल उचला, त्याचा टाईम सिरीज प्लॉट करा, त्यावर मॉडेलचा रिग्रेसर (टास्कवरून अपेक्षित सिग्नलची रेषा) काढा. ब्लॉक डिझाईन असेल तर चढ-उतार साध्या डोळ्यांना दिसतात, आणि दोन रेषा एकमेकींच्या पुढे-मागे धावतायत का ते लगेच कळतं. स्लाईस टायमिंगचा (एका चित्रातले काप वेगवेगळ्या क्षणी घेतले जातात त्याच्या दुरुस्तीचा) रेफरन्स स्लाईस आणि मॉडेलमधला मायक्रोटाईम ऑनसेट जुळतायत का तेही बघून घ्या, पण त्याने जास्तीत जास्त एका टीआरचा फरक पडतो, त्यामुळे सगळा मेंदू कोरा होत नाही.

हाय-पास फिल्टर. स्कॅनरचा सिग्नल हळूहळू वाहत जातो म्हणून संथ बदल काढून टाकतात, एसपीएमचा डिफॉल्ट १२८ सेकंद, एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा १००. आता तुमच्या डिझाईनमध्ये चार प्रकारचे ब्लॉक आहेत, प्रत्येक ४५ सेकंदांचा, आणि ते ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणजे एकच प्रकार दर १८० सेकंदांनी येतो. तुमचा सिग्नल हाच संथ बदल आहे आणि फिल्टरने तो कचऱ्याबरोबर नेला. फिल्टरचा आकडा वाढवा, आणि पुढचा प्रयोग आखताना ब्लॉक छोटे ठेवा.

आता माझी स्वतःची फजिती. वीस जण, उजव्या हाताने बटण, ग्रुपमध्ये सेरेबेलम येतोय, सप्लिमेंटरी मोटर अर्धवट येतोय आणि मुख्य मोटर कॉर्टेक्सच नाही. प्रत्येकाचं वेगळं बघितलं तर सगळ्यांत आहे! तीन दिवस मी थ्रेशोल्डशी खेळले, मग स्मूदिंगशी, मग आऊटलायर शोधत बसले. शेवटी सिनियर ताईने येऊन फक्त विचारलं, मास्क बघितलास का. ग्रुपचा मास्क (कुठले व्हॉक्सेल तपासले जाणार त्याचा नकाशा) उघडला तर मेंदूचा वरचा भाग चाकूने कापल्यासारखा सपाट. एका पार्टिसिपंटचं डोकं मोठं होतं, स्लाईस वरपर्यंत पोचल्याच नव्हत्या, त्याच्या डेटात वरचे दीड सेंटिमीटर नव्हते, आणि ग्रुपमध्ये एका जणाकडे जरी व्हॉक्सेल नसला तरी डिफॉल्टने तो सगळ्यांसाठी बाद होतो. हाताचा मोटर भाग अगदी तिथेच वरती. १९ जणांचा डेटा एकापायी कचऱ्यात. त्या एकाला काढलं आणि मोटर कॉर्टेक्स आला. हेच कपाळाच्या मागच्या खालच्या भागातही होतं, तिथे सायनसमधल्या हवेमुळे सिग्नल मुळातच पडलेला असतो आणि एसपीएमचा डिफॉल्ट मास्क ग्लोबल सरासरीच्या ०.८ पटीखालचे व्हॉक्सेल टाकून देतो. म्हणून "ऑर्बिटोफ्रंटलमध्ये काही नाही मिळालं" असं लिहायच्या आधी तो भाग तपासला गेला होता का ते बघा. मास्कची फाईल रिझल्टच्या फोल्डरमध्येच असते, रोज शेजारून जातो आपण.

उलटा प्रॉब्लेमपण येतो, ठिपके कमी नाही तर भलत्याच जागी. मेंदूच्या कडेने अंगठीसारखी गोल रेघ पेटली असेल तर डोकं हललंय, आणि नुसतं हललं नाहीये, टास्कच्या तालावर हललंय. बोलायचे टास्क, जोरात बटण दाबायचे टास्क, यात हमखास. कडेला मेंदू उजळ आणि बाहेर काळोख, त्यामुळे अर्धा मिलिमीटर सरकलं तरी तिथल्या व्हॉक्सेलची व्हॅल्यू धाडकन बदलते आणि तो बदल एक-दोन टक्क्यांच्या बोल्डपेक्षा कितीतरी मोठा असतो. हालचालीचे ६ आकडे मॉडेलमध्ये घालतात, कोणी २४ घालतात, पण हालचाल आणि टास्क एकाच तालात असतील तर ते रिग्रेसर तुमचं खरं ऍक्टिव्हेशनपण गिळतात. आधी टास्कचा रिग्रेसर आणि हे सहा आकडे यांचं कोरिलेशन काढा, एका ओळीचं काम आहे. ०.५ वगैरे आलं तर त्या माणसाचा डेटा ठेवायचा का ते ठरवा. ब्लॉकऐवजी छोट्या छोट्या घटनांचं डिझाईन असेल तर थोडा बचाव होतो, हालचाल लगेच दिसते आणि बोल्ड पाच सेकंदांनी येतो, दोघांची वेळ वेगळी पडते.

व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे त्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये, किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांवर ठिपके आले तर हृदय आणि श्वास. मिनिटाला ६६ ठोके म्हणजे सेकंदाला १.१, आणि तुम्ही दर २ सेकंदांनी एक चित्र घेताय, त्यामुळे ठोके ठोक्यांसारखे दिसतच नाहीत, दर १० सेकंदांनी येणाऱ्या संथ लाटेसारखे दिसतात, टास्कचा भाऊ शोभावा असे. (सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तेच.) पल्स आणि श्वासाचा बेल्ट रेकॉर्ड केला असेल तर रेट्रोआयकोर (त्या रेकॉर्डिंगवरून ठोके आणि श्वासाचा परिणाम काढायची पद्धत) वापरा, नसेल तर कॉम्पकोर, ज्यात व्हाईट मॅटर आणि पाण्यातला सिग्नल घेऊन त्याचे मुख्य घटक मॉडेलमध्ये घालतात. पाण्यात विचार होत नाहीत, त्यामुळे तिथे जे हलतंय ते गोंधळच आहे असं धरायला हरकत नाही.

आणि मल्टीबँडवाल्यांसाठी (एकाच वेळी अनेक काप घेऊन झटपट स्कॅन करणाऱ्यांसाठी) एक वाक्य, टीआर ०.८ वगैरे असेल तर लागोपाठची चित्रं एकमेकांसारखी असतात आणि एसपीएमचं साधं एआर-१ मॉडेल (फक्त लगेच आधीच्या चित्राशी असलेलं साम्य धरणारं) त्याला पुरत नाही, एकेका माणसाचे टी फुगतात, तिथे फास्ट हा पर्याय निवडा. ग्रुप लेव्हलला याचा त्रास कमी, कारण तिथे माणसामाणसातला फरक मोजला जातो.

बरं, आता चाळणी.

स्टँडर्ड २ मिलिमीटरच्या एमएनआय मेंदूत (सगळ्यांची चित्रं ज्यावर बसवतात तो सामाईक नमुना) साधारण २ लाख २८ हजार व्हॉक्सेल असतात आणि प्रत्येकावर वेगळा टेस्ट. पी ०.००१ म्हणजे साधारण लागोपाठ दहा वेळा छापा पडण्याएवढी दुर्मिळ गोष्ट (नेमकं १०२४ त एक). एखाद्या तालुक्याएवढी, सव्वादोन लाख माणसं मैदानात उभी करा, प्रत्येकाला दहा वेळा नाणं उडवायला सांगा, सव्वादोनशे जणांना दहाच्या दहा छापे पडतील. त्यांना बोलावून हार घालायचे आणि नाणेफेकीचं टॅलेंट म्हणायचं, हे म्हणजे अनकरेक्टेड ०.००१. ०.०५ ठेवलंत तर अकरा हजारांच्या वर.

"पण माझे ठिपके सुटे नाहीत, एकत्र गठ्ठ्यात आहेत, योगायोग असता तर विखुरलेले असते ना?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि चांगला आहे. पण डेटा तुम्हीच ८ मिलिमीटरने स्मूद केलाय. शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांसारखे झालेत. लाईट जाते तेव्हा एका घरची जात नाही, अख्ख्या गल्लीची जाते, तसा योगायोगसुद्धा गठ्ठ्यानेच येतो. गठ्ठा आहे म्हणजे खरं आहे असं नाही, प्रश्न असा की एवढा मोठा गठ्ठा नुसत्या योगायोगाने किती वेळा आला असता.

मेलेल्या माशाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, तरी थोडक्यात. क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक मेलेला अटलांटिक सामन स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, यातला माणूस काय भावनेत आहे असं रीतसर विचारलं, आणि ०.००१ अनकरेक्टेडला ८०६४ पैकी १६ व्हॉक्सेल सिग्निफिकंट आले, त्यातले काही थेट मेंदूच्या जागेत. करेक्शन लावल्यावर शून्य. २००९ मध्ये पोस्टर झालं, २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं. सगळे हसतात आणि मग जाऊन ०.००१ आणि दहा व्हॉक्सेल लावतात.

त्या दहा व्हॉक्सेलबद्दल. स्वीडनच्या लिनशॉपिंगमधले आंडर्स एक्लुंड, हान्स क्नुटसन आणि इंग्लंडमधले थॉमस निकोल्स यांनी २०१६ मध्ये एक पेपर काढला ज्याने सगळ्यांची झोप उडाली. केलं काय तर ४९९ निरोगी लोकांचा नुसता पडून असतानाचा डेटा घेतला, ज्यात कुठलाच टास्क नाही, त्यावर खोटे टास्क लावले आणि त्यातले लोक उगाचच दोन गटांत वाटून तुलना केली, असे मिळून ३० लाख ग्रुप ऍनालिसिस. काहीच सापडायला नको, शंभरात पाच वेळा चुकून सापडेल तेवढंच. पण एसपीएम, एफएसएल आणि तिसरं सॉफ्टवेअर एएफएनआय, तिघांच्याही क्लस्टरवाल्या पद्धतीत, पहिला थ्रेशोल्ड (ज्यावरून गठ्ठे ठरतात तो) सैल म्हणजे ०.०१ ठेवला की काही ठिकाणी ७० टक्क्यांपर्यंत खोटे रिझल्ट! ०.००१ ला बरंच कमी, तरी पाचच्या थोडं वरच. आणि आपला लाडका ०.००१ अधिक दहा व्हॉक्सेलचा जुगाड? ६० ते ९० टक्के.

कारण समजून घ्या, नुसतं "क्लस्टर वाईट" असं पाठ करू नका. हे गणित माँट्रियलच्या कीथ वर्सलींनी नव्वदीच्या दशकात बसवलं, रँडम फील्ड थिअरी, आणि मुळात सुंदर गणित आहे. त्यात गृहीत असं की दोन व्हॉक्सेलमधलं साम्य अंतराबरोबर एका ठराविक घंटेच्या आकारात झपाट्याने कमी होतं आणि मेंदूभर सारखंच कमी होतं. खऱ्या डेटात तसं नाही, साम्याची शेपटी लांब असते, दूरचे व्हॉक्सेलपण थोडेथोडे एकमेकांसारखे वागतात, आणि काही भाग इतरांपेक्षा जास्त गुळगुळीत असतात. म्हणजे मोठे गठ्ठे योगायोगाने जितके यायला पाहिजेत असं गणित म्हणतं त्याहून जास्त येतात, आणि थ्रेशोल्ड जितका सैल तितके गठ्ठे मोठे, तितकी चूक मोठी. त्याच शोधाशोधीत एएफएनआयमधला एक १५ वर्षं जुना बगही सापडला, तो २०१५ मध्ये दुरुस्त झाला, आता तिथे लांब शेपटीसाठी एसीएफचा पर्याय आहे. पेपरच्या बातम्यांत "४०,००० अभ्यास फुकट" असं सगळीकडे छापून आलं, ते खरं नव्हतं, लेखकांनी स्वतःच तो आकडा मागे घेतला आणि खरोखर अडचणीतले साधारण साडेतीन हजार असतील असा अंदाज दिला.

त्याच पेपरात पर्म्युटेशन जवळजवळ सगळीकडे बरोबर चाललं, आणि मी आता तेच वापरायला सांगते. कल्पना सोपी आहे: खरंच काही नसेल तर एखाद्याच्या नकाशाचं चिन्ह अधिकचं उणे केलं तरी फरक पडायला नको. मग काही हजार वेळा वेगवेगळ्या लोकांची चिन्हं उलटवा, दर वेळी अख्ख्या मेंदूतला सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा, आणि तुमचा खरा आकडा त्या यादीत कुठे बसतो ते बघा. घंटेचा आकार वगैरे काही गृहीत नाही. एफएसएलचं रँडमाईज, एसपीएमवाल्यांना एसएनपीएम, ५००० वेळा पुरे. लोक कमी असतील तर याने फायदाही होतो. २० जणांत ०.००१ साठी टी ३.५८ लागतो आणि बॉनफेरोनीने (०.०५ ला टेस्टच्या संख्येने भागून) साडेसातच्या आसपास, एवढी मोठी दरी आहे, तिथे रँडम फील्डवाली व्हॉक्सेल पद्धत गरजेपेक्षा कडक वागते आणि पर्म्युटेशन तेवढी छळत नाही. क्लस्टरसाठी सुरुवातीचा थ्रेशोल्ड निवडायचा नसेल तर टीएफसीई लावा, स्मिथ आणि निकोल्सची २००९ ची पद्धत, त्यात तो आकडा निवडावाच लागत नाही त्यामुळे खेळायला काही उरत नाही.

दोन खड्डे इथेपण आहेत. रँडमाईजच्या करेक्टेड नकाशात पी नसतो, १ वजा पी असतो! म्हणजे ०.९५ च्या वरचं सिग्निफिकंट. लोक ०.०५ च्या खालचं शोधतात, काही मिळत नाही किंवा भलतंच मिळतं, आणि मला मेसेज येतो. दुसरं म्हणजे टेस्ट एकतर्फी असतो, वाढ आणि घट दोन्ही बघणार असाल तर दोन कॉन्ट्रास्ट आणि प्रत्येकाला ०.०२५. आणि अगदीच पाच जणांचा पायलट असेल तर चिन्हं उलटवायचे प्रकारच ३२, सगळ्यात छोटा पी ०.०३१, त्यावर जास्त आशा ठेवू नका.

इथपर्यंत सगळं तपासलं, वेळ बरोबर, मास्क बरोबर, ओळखीचा कॉन्ट्रास्ट झकास, पर्म्युटेशन केलं, तरी तुमचा खरा कॉन्ट्रास्ट कोरा. तर मग बहुतेक इफेक्ट छोटा आहे आणि माणसं कमी आहेत. त्यावर जुगाड नाही. डेटा बघायच्या आधीच एखादा भाग ठरवला असेल तर फक्त तिथे करेक्शन करता येतं, पण "आधी" म्हणजे खरंच आधी हां, ठिपका दिसला म्हणून त्याच्याभोवती गोल काढून परत त्याच डेटावर टेस्ट केला तर तो दुप्पट मोजलेला हिशोब आहे. थ्रेशोल्ड न लावलेला नकाशा न्यूरोव्हॉल्टवर (असे नकाशे सगळ्यांसाठी ठेवायची वेबसाईट) टाका. तेल अवीवच्या मंडळींनी १०८ लोकांचा एकच डेटा ७० टीमना दिला होता, २०२० मध्ये छापून आलं, त्याच ९ प्रश्नांची उत्तरं द्यायची होती, आणि कुठल्याही दोन टीमनी सारखा रस्ता घेतला नाही, उत्तरंही बरीच वेगळी. पण गंमत अशी की बऱ्याच टीमचे चाळणी लावायच्या आधीचे नकाशे एकमेकांशी चांगले जुळत होते. म्हणून मी कोणाचा प्रॉब्लेम बघायला बसले की लाल-पिवळा स्क्रीनशॉट मागत नाही, तो कच्चा टी-मॅप, मास्क आणि एका माणसाचं डिझाईन मॅट्रिक्स (मॉडेलचे सगळे रिग्रेसर मांडलेला तक्ता) मागते. हे तीन असतील तर बहुतेक वेळा चहा संपायच्या आत कळतं.

एक राहिलंच. उजव्या हाताच्या बटणाला उजवाच मोटर कॉर्टेक्स पेटला असेल तर घाबरू नका, शोधही लागला म्हणू नका, डावं-उजवं उलटलंय. आधी बघा की तुमचा व्ह्यूअर रेडिओलॉजीवाल्यांच्या पद्धतीने दाखवतोय का, तिथे चित्राची डावी बाजू म्हणजे माणसाची उजवी. तसं नसेल तर फाईल बदलताना कुठेतरी फिरलंय, जुन्या ऍनालाईझ फॉरमॅटमधला डेटा असेल तर शंभर टक्के शंका घ्या, कारण त्यात ही माहिती नीट साठवलेलीच नसायची. आम्ही आता प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल टेपने चिकटवतो, स्ट्रक्चरल स्कॅनमध्ये ती पांढऱ्या मण्यासारखी दिसते आणि वाद मिटतो. फक्त बाटलीवर "खाऊ नये, स्कॅनसाठी आहे" असं लिहून ठेवलंय तरी ती दर महिन्याला कमी होतेय.